गोष्ट कुणाची?

काय दोस्तांनो, स्टीफन की डेमन? एल. जे. स्मिथ या अमेरिकन लेखिकेची ‘द व्हॅम्पायर डायरीज’ १९९१ साली आली, तेव्हापासून वाचकांचं हे भांडण चालूच आहे! एलेना एक आणि तिच्यावर जीव टाकणारे रक्तपिपासू भाऊ दोन. तीन पुस्तकांवर मालिका थांबली, तर वाचक हटून बसले. १९९२ मध्ये चौथं आलं.

पण २०११ साली लेखिकेलाच मालिकेतून काढलं! करारानं हक्क कंपनीकडे होते ना. पुढची पुस्तकं दुसऱ्यांनी लिहिली. कुणी रागावून वाचणं सोडलं, कुणी डेमनसाठी वाचत राहिलं.

तुम्ही काय केलं असतं? आई-बाबांनाही विचारा. आणि हो, सही करण्याआधी कागद नीट वाचायचा बरं का!