रंगवलेल्या तबकडीचे भक्त

आमच्या ओळखीतल्या एका संग्राहकमहाशयांनी फतवा काढलाय: जुनं ऑटोमॅटिक घड्याळ घ्यावं ते मशीन पाहून. तबकडीचं काय एवढं? रंगच तो, उडाला की पुन्हा लावावा. केस पॉलिश केलेली असावी आणि घड्याळ कालच दुकानातून आणल्यासारखं दिसावं. संपलं शास्त्र! त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य असेलही, पण आज मला तेवढा उदारपणा नाही.

त्यांचंच लाडकं उदाहरण घेऊ. ओमेगाचं कॉन्स्टेलेशन 1952 साली आलं. समारंभात घालायचं घड्याळ. काटे, खुणा, फार तर तारीख. त्यात पाहायला तबकडीशिवाय असतं काय? 'पाय-पॅन' तबकडीचा मधला भाग सपाट आणि कडेला उतरते बारा पैलू. मूळ छपाई भिंगाखाली धरा. 'ऑफिशियली सर्टिफाइड' ही बारीक ओळसुद्धा स्वच्छ वाचता येते. रंगवलेल्या तबकडीवर तीच अक्षरं फुगतात, ओळ कलते, मिनिटांच्या रेघा कुठे लांब तर कुठे आखूड होतात आणि तळाचं 'स्विस मेड' कधी गायबच होतं. नवा रंग द्यायचा तर आधी जुना थर काढावा लागतो. त्यात पैलूंच्या धारा बोथट होतात. खुणा उपटून परत बसवल्या की वाकड्या दिसतात. म्हणजे ज्या भागाकडे पाहून माणूस पैसे मोजतो, तोच कारखान्यातला उरत नाही. उरतं ते मशीन. तेही महाशय झाकण न उघडताच पारखतात!

परदेशी संग्राहक असल्या रंगकामाला 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात. झोंबतं, पण खोटं नाही. चारदोन मोडक्या घड्याळांतून एक जोडायचं आणि वर भडक तबकडी चढवायची, हा उद्योग आपल्याकडे चालतोच. मात्र तो कारागीर निदान स्वस्तात तरी विकतो. 'रिस्टोअर्ड'ची पाटी लावणारा तेच करून कितीतरी पट मागतो.

पॉलिश? सोन्याचा पत्रा चढवलेल्या केसवर ते म्हणजे सोनंच उगाळून टाकणं. घड्याळ किती बिनचूक चालतं हे दाखवणारा टायमिंग मशीनवरचा आकडा? तो सर्व्हिसिंगनं सुधारतो. आणि नुसतं बिनचूक चालणंच हवं असेल, तर सेलवालं घ्या की. महाशयांसारखीच मंडळी एकेकाळी ऑटोमॅटिक मोडीत काढायला सांगत होती, ती याच कारणासाठी!

मग घ्यावं काय? पिवळसर पडलेली, ठिपके आलेली, पण हात न लागलेली तबकडी. ओल शिरून पोपडे धरलेली नव्हे. तिला 'पॅटिना' म्हणून पुजणारेही मला मान्य नाहीत. झाकण उघडायला लावावं. साठच्या दशकातल्या तारीखवाल्या नगात 561 क्रमांकाचं तांबूस, 24 ज्युएलचं मशीन असेल तर उत्तम. रोटर घासल्याच्या रेघा दिसल्या तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून कापावा. मशीनवरचा क्रमांक आणि झाकणाच्या आतला क्रमांक एकाच काळाचे आहेत का, हे ताडून पाहावं. चावी बदललेली चालेल, ती शोधल्यावर मिळते. चांगली मूळ तबकडी मिळणं फार कठीण.

आणि विकणारा 'झाकण उघडत नाही आम्ही, वॉटरप्रूफ जातं' म्हणाला, तर त्याला नमस्कार करून पुढचं दुकान गाठावं.