विश्लेषण : ससा शांत बसलाय की आजारी आहे? कसे ओळखाल?

भुंकत नाही, रात्री ओरडत नाही, सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येत नाही. त्यामुळे फ्लॅटमध्ये पाळायला सोपा म्हणून अनेक जण ससा घरी आणतात. मात्र हाच शांतपणा आजारपणात त्याच्या जिवावर बेततो.

मारुंजीतून सकाळी नऊला हिंजवडी आयटी पार्ककडे निघालेला माणूस वाहतूक कोंडीतून रात्री आठ-नऊला घरी पोहोचतो. दुसरीकडे, सशाने १२ तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती आणीबाणी समजावी, असा पशुवैद्यकांचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे ऑफिसचा एक दिवस आणि सशाकडे असलेला वेळ जवळपास सारखाच. घरी आल्यावर ‘आज जरा शांतच आहे, उद्या बघू’ म्हणून झोपलो, तर हा वेळ दुप्पट उलटून जातो.

ससा आजार का लपवतो?

कोल्हा, रानमांजर, शिकारी पक्षी अशा अनेकांचे ससा हे भक्ष्य आहे. कळपातला अशक्त प्राणी आधी टिपला जातो. त्यामुळे दुखत असले तरी ते न दाखवण्याची सवय त्याच्या रक्तातच आहे. कुत्रा कण्हतो, मांजर ओरडते. ससा मात्र कोपऱ्यात जाऊन बसतो आणि घरच्यांना तो विश्रांती घेतोय असे वाटते.

मग साधी विश्रांती कोणती?

ससा पहाटे आणि संध्याकाळी जास्त हालचाल करतो. दुपारी तो झोपलेला दिसला तर काळजीचे कारण नाही. पाय पसरून आडवा पडणे, अंग सैल सोडून बसणे हेही नेहमीचेच. पण सकाळ-संध्याकाळी खाण्याची पिशवी वाजल्यावरही तो पुढे आला नाही, तर ती धोक्याची घंटा आहे.

दुखत असलेला ससा पाठीला कुबड काढून, अंग आखडून बसतो. पोट जमिनीला दाबतो आणि सारखी जागा बदलतो. जोरात दात करकरणे हेही वेदनेचे लक्षण आहे. कुरवाळताना येणारा दातांचा हलका आवाज वेगळा, तो समाधानाचा असतो.

वेदना चेहऱ्यावरूनही ओळखता येते. त्यासाठी २०१२मध्ये ‘प्लॉस वन’ या शोधनियतकालिकात संशोधकांनी एक मोजपट्टी मांडली. अर्धवट मिटलेले डोळे, चपटे झालेले गाल, नाकपुड्यांचा बदललेला आकार, ताठरलेल्या मिशा आणि कानांची ठेवण या पाच गोष्टी त्यात पाहिल्या जातात.

लेंड्या इतक्या महत्त्वाच्या का?

सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. गवतातील तंतू ते चालू ठेवतात. वेदना, ताण, कमी पाणी किंवा चुकीच्या आहारामुळे आतड्याची हालचाल मंदावली, की पोटात वायू धरतो. वायूने दुखते, दुखल्याने ससा खात नाही आणि न खाल्ल्याने आतडे आणखी थांबते. सशाला उलटीही करता येत नाही.

निरोगी सशाच्या लेंड्या गोल, साधारण एकाच आकाराच्या आणि भरपूर असतात. त्या बारीक, वेड्यावाकड्या किंवा कमी झाल्या, तर बिघाड सुरू झाला असे समजावे. द्राक्षाच्या घडासारख्या मऊ लेंड्या ससा स्वतःच खातो, ते नैसर्गिक आहे. त्या जमिनीवर तशाच पडून राहू लागल्या तर मात्र तपासणी हवी.

दातांचा काय संबंध?

सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावून झिजतात. पोळी, बिस्किटे, गाजर यांवर वाढवलेल्या सशाचे दात पुरेसे झिजत नाहीत. मग दाढांची टोके जीभ आणि गालाला टोचतात. ससा खाण्याजवळ येतो, तोंड लावतो आणि सोडून देतो. हनुवटी ओली राहते, डोळ्यांतून पाणी येते. वजन हळूहळू घटते, पण दाट केसांमुळे ते दिसत नाही. म्हणून दर आठवड्याला वजन करून मोबाइलमध्ये नोंद ठेवावी. आहारात मुख्य वाटा सुक्या गवताचाच हवा.

उन्हाळा आणि पावसाळ्यात काय पाहावे?

सशाला घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की उष्माघाताचा धोका वाढतो, आणि पुणे परिसरात एप्रिलमध्ये पारा चाळिशीजवळ जातो. देखभालीसाठी वीज बंद असेल त्या दिवशी बंद फ्लॅट किंवा बाल्कनी सशासाठी भट्टी ठरते. धापा टाकणे, लाल-गरम कान, सुस्ती दिसल्यास कान साध्या पाण्याने ओले करावेत, बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, आणि लगेच दवाखाना गाठावा. याउलट, न खाणाऱ्या सशाचे कान थंडगार लागणे हेही गंभीर आहे.

पावसाळ्यात शेपटीखालचा भाग रोज पाहावा. तो ओला किंवा घाण राहिला तर माश्या अंडी घालतात आणि काही तासांत अळ्या होतात.

घरी काय करू नये?

- माणसांची औषधे मनाने देऊ नयेत. तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारते आणि ते प्राणघातक ठरू शकते.
- कुत्र्यांच्या गोचिडांवरील फिप्रोनिल असलेला स्प्रे सशावर मारू नये.
- पोट फुगून टणक झाले असेल तर बळजबरीने भरवू नये.

तयारी आधीच का हवी?

बहुतेक दवाखान्यांचे रोजचे काम कुत्र्या-मांजरांचे असते. ससे कोण तपासते आणि रात्री कोण उपलब्ध असते, याची चौकशी ससा ठणठणीत असतानाच करावी. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकांसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, पण ती सेवा मुख्यतः पशुपालकांच्या जनावरांसाठी आहे, त्यावर विसंबून राहू नये.

अनेक जण ऑफिसमधून लक्ष ठेवायला घरी कॅमेरा लावतात. पण त्यात शांत बसलेला ससाच दिसतो. त्यापेक्षा निघताना ट्रे रिकामा करावा आणि गवत मोजून ठेवावे. परतल्यावर, स्वतः जेवण्याआधी, दोन्ही पाहावे. ट्रे कोरडा आणि गवत तसेच असेल, तर सकाळची वाट पाहू नये.