लोभाची जादू

नीरेच्या काठी वसलेल्या शिरवळसारख्या गावांतही मुले दूरचित्रवाणीवरील गूढकथा आवडीने पाहतात. अशा कथेत एखादी मंतरलेली वस्तू इच्छा पुरविते आणि शेवटी मालकाचाच घात करते. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांच्या १९०२ मधील प्रसिद्ध कथेत माकडाचा वाळलेला पंजा दोनशे पौंड मिळवून देतो. परंतु ते येतात मुलाच्या मृत्यूची भरपाई म्हणून!

पंजा काल्पनिक आहे; लोभ मात्र खरा आहे. मांडूळ हा बिनविषारी साप उंदीर खाऊन शेतकऱ्याला साहाय्य करतो. त्याची बोथट शेपटी तोंडासारखी दिसते, म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. तो घरी धन आणतो, या भ्रमापायी त्याची चोरटी विक्री होते. कथेत लोभी माणूस शिक्षा भोगतो. येथे ती निरपराध जीवाला भोगावी लागते. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा भ्रमांविरुद्ध अनेक वर्षे झटले. २०१३ साली त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला.

गूढकथा अवश्य पाहाव्यात, भीतीची मौजही लुटावी. परंतु कथा संपताच ‘हे खरे कशावरून?’ असे स्वतःला विचारावे. श्रमावाचून धन देणारी वस्तू जगात नाही, हे ज्याला उमगले, त्याला कोणीही सहज फसवू शकत नाही.