ईएमआय घटला, पण लोन महागलं!

‘सर, होम लोन ट्रान्सफर करायचंय का?’ मिरा रोड-भाईंदरला घर घेतलं असेल तर हा फोन तुम्हालाही आलाच असेल. कारण उघड आहे. २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. बँकांची ऑक्टोबर २०१९नंतरची फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात, त्यामुळे तीन महिन्यांच्या आत ही कपात त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना मात्र हे बंधन नाही. कागदपत्रांची कटकट नको म्हणून ज्यांनी तिथून लोन घेतलं, ते अजून जुन्याच दरात अडकलेले असू शकतात.

मग लोन हलवायचं? समजा, ३० लाख बाकी आहेत, १५ वर्षं उरलीत आणि दर ९ टक्के आहे. हप्ता साधारण ३०,४२८ रुपये. ८ टक्क्यांवर तोच २८,६७० होतो, म्हणजे १५ वर्षांत तीन लाखांहून जास्त वाचतात. भारीच की! पण फोनवरचा माणूस सांगतो, ‘हप्ता थेट २५ हजारांवर आणतो.’ कसा? तर मुदत पुन्हा २० वर्षं करून. या हिशेबात व्याज कमी असूनही तुम्ही एकूण साडेपाच लाख जास्त भरता. हे तो सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

म्हणून नव्या बँकेकडे उरलेली वर्षं तेवढीच मागा. त्याआधी आपल्याच बँकेला किंवा कंपनीला दर कमी करायला सांगा. थोडी फी घेऊन बऱ्याच जणी करतात. तेवढ्यावर भागलं तर पळापळ कशाला? फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड नसतो, पण प्रोसेसिंग फी, वकिलाची फी, नव्याने स्टॅम्प ड्युटी हा खर्च आहेच. दोन-चार वर्षांतच घर विकायचा बेत असेल तर तो वसूलही होणार नाही.

आणि आपल्याकडची खरी मेख वेगळीच. नवी बँक इमारतीची कागदपत्रं पुन्हा तपासते. भाईंदरच्या कितीतरी जुन्या इमारतींना ओसी नाही. पहिल्या कंपनीने तिकडे काणाडोळा केला असेल, दुसरी करेलच असं नाही. तेव्हा प्रोसेसिंग फी भरण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना गाठा आणि ओसीची प्रत मागा.