पडद्यावरची कडी

आतून झाकण बसणाऱ्या प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडलेली असेपर्यंत झाकण उघडत नाही, याबद्दल कोणत्याही गृहिणीने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. वाफ जिरताच ते सुटते. भूल देण्याच्या यंत्रावर ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर बसू नये, म्हणून दोहोंच्या पिनांची रचनाच भिन्न ठेवलेली असते. माणसाला सावधगिरीचा उपदेश करीत बसण्यापेक्षा चुकीची वाटच बंद करावी, हा या दोन्ही योजनांमागील शहाणपणा होय.

संगणकाच्या पडद्यावर हेच शहाणपण निराळ्या रूपात भेटते. विजेचे बिल भरताना ‘पैसे भरा’ हे बटण एकदा दाबले की ते फिके पडते आणि काही क्षण पुन्हा दाबता येत नाही. उतावळ्या बोटामुळे दोनदा पैसे जाऊ नयेत, हा हेतू. कधी सारा पडदा झाकोळून मध्यभागी एक चौकट उभी राहते आणि तिला उत्तर दिल्यावाचून मागचे काहीच हाती लागत नाही. या तात्पुरत्या अडवणुकीला मी ‘कडी’ म्हणतो. बिलाच्या बाबतीत ही कडी कोणी व कशी लावली, हे आपण विचारत नाही. परंतु रुग्णालयातील संगणकावर तीच कडी औषधाच्या मात्रेवर लागते, तेव्हा तो प्रश्न संगणकशास्त्राचा उरत नाही. कडी लावणे हा औषधोपचाराचाच एक निर्णय आहे आणि तो वैद्यांनीच घेतला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना याची निकड अधिक जाणवते. आमचे औषध वजनावर मोजले जाते. तीन किलोचे अर्भक आणि तीस किलोचा मुलगा यांच्या मात्रेत दहा पटींचे अंतर असते. दशांशचिन्ह एक घर सरकले, तर तेवढीच चूक होते.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बालरुग्णालयात २०१३ साली घडलेली घटना डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी ‘द डिजिटल डॉक्टर’ या ग्रंथात (२०१५) सविस्तर मांडली आहे. सोळा वर्षांच्या मुलाला को-ट्रायमॉक्साझोलची एक गोळी, म्हणजे १६० मिलिग्रॅम, द्यावयाची होती. मात्रेची चौकट मात्र ‘दर किलोमागे मिलिग्रॅम’ या एककात होती. तेथे १६० हा आकडा लिहिला गेला आणि मुलाला साडेअडतीस गोळ्या देण्यात आल्या. त्याला झटके आले. सुदैवाने तो वाचला. संगणकाने धोक्याची सूचना दिलीच नाही, असे नाही. ती डॉक्टरांना दिसली आणि औषधनिर्मात्यालाही दिसली. परंतु दिवसभरात अशा असंख्य किरकोळ सूचना बंद करण्याची सवय जडलेल्या बोटांनी तीही बंद केली. न वाचता दूर सारता येते ती कडी नव्हे, तो नुसता पडदा!

मग प्रत्येक धोक्यावर पक्की कडीच का लावू नये? याचे उत्तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सापडते. योगायोगाने औषधही तेच होते. वॉरफॅरिन आणि को-ट्रायमॉक्साझोल एकत्र लिहू लागताच संगणक जवळजवळ पूर्ण अडवणूक करी. परिणाम उत्तम झाला. कडी असलेल्या गटात ५७.२ टक्के वेळा अपेक्षित प्रतिसाद मिळाला. कडी नसलेल्या गटात तो १३.५ टक्के होता. तरीही प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला, कारण चार रुग्णांना आवश्यक उपचार मिळण्यास विलंब झाला.

पिट्सबर्गच्या बालरुग्णालयातील अनुभव याहून गंभीर आहे. तेथे २००२ साली संगणकीय औषधनोंदणी सुरू झाल्यावर, अन्य रुग्णालयांतून हलवून आणलेल्या मुलांमधील मृत्यूंचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. पूर्वी मूल वाटेवर असतानाच डॉक्टर औषधे लिहून ठेवीत. नव्या व्यवस्थेत मूल येऊन त्याची नोंद होईपर्यंत ते शक्य नव्हते. अन्य कारणेही होती. आणि तीच प्रणाली सिॲटलच्या बालरुग्णालयात बसवली असता मृत्युदर वाढला नाही, हेही २००६ साली दिसून आले. म्हणजे दोष यंत्रापेक्षा ते बसवण्याच्या रीतीत होता.

यावरून चांगल्या कडीची लक्षणे ठरवता येतात. ती नेमकी असावी : मात्रेची चौकट अडवावी, पण मागचे वजन, तपासण्यांचे अहवाल दिसत राहावेत. तिने कारण सांगावे : ‘चूक’ एवढेच न म्हणता ‘या वजनाला ही मात्रा दसपट आहे’ असे म्हणावे. तिची किल्ली कोणाकडे आहे, हे रात्री दोन वाजताही ठाऊक असावे; आणीबाणीत कारण नोंदवून ती उघडता यावी आणि त्या नोंदी पुढे कोणीतरी वाचाव्यात. आणि कड्या थोड्या असाव्यात. जी नेहमीच उघडावी लागते, ती काढून टाकावी.

उदाहरण देतो. पहिल्या काही महिन्यांत बाळाचे वजन दिवसाला सुमारे २५ ते ३० ग्रॅम वाढते. महिन्यापूर्वीच्या वजनावर आज औषध मोजणे सर्वथैव अयोग्य. म्हणून ताजे वजन किलोमध्ये नोंदवल्यावाचून मात्रेची चौकट उघडू नये, या मताचा मी आहे. परंतु झटके येत असलेल्या अथवा हृदयक्रिया थांबलेल्या मुलाला वजनकाट्यावर ठेवता येत नाही. तेथे उंचीवरून अंदाजलेले वजन चालावे आणि ॲड्रिनलिनपुढे कोणतीही कडी नसावी.

अनुभवी वैद्याला यंत्राने अडवणे हा त्याच्या ज्ञानाचा अवमान आहे, असे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात. त्यांच्या ज्ञानाविषयी मला आदर आहे. परंतु कडी ज्ञानासाठी नसते, थकव्यासाठी असते. आणि थकवा पदवी पाहून येत नाही.

आज लहान शहरांतील रुग्णालयेही तयार प्रणाली विकत घेत आहेत. कोठे अडवायचे आणि कोठे सोडायचे, हे अनेकदा ती बसवणारा तंत्रज्ञच ठरवून जातो. त्याचा त्यात दोष नाही; आपण त्याला काही सांगितलेलेच नसते. म्हणून माझी सूचना अशी की, आपल्या मंडळातील बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि औषधनिर्माते यांनी एकत्र बसून मुलांच्या नित्य वापरातील वीस-पंचवीस औषधांच्या कमाल मात्रांची एक यादी करावी आणि प्रत्येक रुग्णालयाने ती आपल्या प्रणालीत घालून घ्यावी. दोन-तीन रविवारांचे हे काम आहे. आणि पालकांनो, आपल्या बाळाचे अलीकडचे वजन लिहून जवळ ठेवा. डॉक्टरांनी ते पुन्हा करावयास सांगितले, तर त्या दोन मिनिटांना उशीर समजू नका.