आवाज वाढवू नका, वाटून द्या!

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाचा एक ठाम समज आहे. माणूस इंजिनिअर असला की त्याला जगातली कुठलीही वायर कळते! माझी पीएचडी ज्वलनावर आहे, हे सांगून काही उपयोग झाला नाही. "तू डॉक्टर ना? मग बघ की जरा त्या स्पीकरचं!" असं म्हणत एका काकांनी बारा चॅनेलचा अँप्लिफायर माझ्या गळ्यात घातला.

गणपतीसाठी आम्ही एका शाळेची इमारत भाड्याने घेतो. दरवर्षी तक्रार ठरलेली. मागच्यांना ऐकू येत नाही आणि पुढच्यांचे कान किटतात. त्यावर उपायही ठरलेला: आवाज वाढवा.

आता जरा गणित बघा. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पहिली रांग २ मीटरवर आणि शेवटची १६ मीटरवर असेल तर फरक १८ डेसिबलचा. हॉलच्या भिंती थोडा आवाज परत देतात, पण त्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट गढूळ होतात. आणि दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट लागते. म्हणजे मागच्यांसाठी १८ डेसिबल वाढवायचे तर साठपटीहून जास्त शक्ती ओतायची, आणि ती सगळी पहिल्या रांगेच्या कानात!

बारा चॅनेलचे मी जोडीजोडीने सहा झोन केले. माइकचा मिक्सर एका इनपुटला, सनईचा लॅपटॉप दुसऱ्याला. कुठल्या झोनला कुठलं इनपुट हे त्या यंत्रात ठरवता येतं. हॉलचा पुढचा आणि मागचा भाग, दोन्हीकडे माइक. जेवणाच्या खोलीतही माइकच, पण हळू, म्हणजे वाढणाऱ्यांना आरती कळते. व्हरांड्यात सनई. तिथे स्पीकर एकच होता आणि मी त्याला फक्त डावा चॅनेल दिला होता, त्यामुळे निम्मं संगीत गायब! दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो केल्यावर ते ठीक झालं.

मागच्या स्पीकरची एक गंमत आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पुढचा आवाज १५ मीटर मागे पोचायला ४४ मिलिसेकंद लागतात. तोवर जवळचा स्पीकर बोलून मोकळा होतो आणि शब्द दोनदा ऐकू येतात. म्हणून मागच्या झोनला ५० मिलिसेकंदांचा विलंब दिला. जो आवाज आधी येतो तिकडूनच सगळं येतंय असं मेंदू धरून चालतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने हे १९४९ साली दाखवलं. त्यामुळे आवाज शेजारच्या छोट्या स्पीकरचा, पण वाटतं की समोरून येतोय.

पाचवा झोन लहान मुलं झोपवायच्या खोलीचा. तो बंद ठेवला. सहावा रिकामाच राहिला.

तेव्हा आई इथे आली होती. तिला कानात यंत्र लागतं. ती शेवटच्या रांगेत बसली होती. घरी जाताना गाडीत म्हणाली, "आज शब्द कळले रे." आणि थोड्या वेळाने, "आपल्याकडे त्या दहा दिवसांत मी यंत्र काढूनच ठेवते."

हे मात्र मनाला लागलं. जे यंत्र ऐकण्यासाठी घेतलं ते आपल्याच उत्सवात काढून ठेवायचं?

नियम आपल्याकडेही आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पण आपली चर्चा कायम परवानगी आणि बंदी या दोनच टोकांवर होते. माझं म्हणणं वेगळं आहे. एका कोपऱ्यात स्पीकरची भिंत उभी करून अख्ख्या पेठेला ऐकवणं ही भक्ती नाहीच, पण ते इंजिनिअरिंगही नाही. जिथे ऐकणारे बसलेत तिथे छोटे स्पीकर, प्रत्येकाला हवा तेवढाच आवाज, आणि ज्याला नको त्याचा झोन बंद. एवढं करायला पीएचडी लागत नाही.

मागच्या रांगेतला माणूस "ऐकू येत नाही" म्हणतो तेव्हा तो मोठा आवाज मागत नसतो, जवळचा आवाज मागत असतो. असो. पुढच्या वर्षीही अँप्लिफायर माझ्याच गळ्यात आहे, आणि खरं सांगायचं तर आता माझी तक्रार नाही!