एकट्याने किनारा धरताना

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याची ओढ अलीकडे आपल्या घरांतही शिरली आहे. इटलीच्या लिगुरिया प्रांतात कड्यांना बिलगून वसलेली पाच लहान गावे आहेत. ‘चिंक्वे तेर्रे’ म्हणजे ‘पाच भूमी’ या नावाने ती ओळखली जातात आणि १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. एका गावातून दुसऱ्या गावात लहान आगगाडीने किंवा डोंगरातल्या पायवाटेने जाता येते. पाठीवर पिशवी टाकून निवृत्त माणसाने एकट्याने असा किनारा धरणे तिकडे कोणाला नवलाचे वाटत नाही.

आपल्या व्यापारी कुटुंबांत मात्र प्रवास म्हणजे संघ, यात्रा, लग्नकार्य किंवा आचारी बरोबर घेऊन निघालेली सहल. समूहात जाण्यात सोय आहे, आनंदही आहे. त्याविषयी तक्रार नाही. परंतु घरातले वडीलधारे माणूस एकटे निघाले की ‘काही बिनसले काय?’ असा प्रश्न प्रथम उमटतो. मी निघतो म्हटल्यावर मुलाचा आग्रह होता, ‘बाबा, एखाद्या टूरमध्ये जा.’ धाकट्या बंधूंची काळजी निराळी होती, ‘दादा, लोक म्हणतील घरच्यांनी एकटे सोडले.’ दोघांचेही प्रेमच बोलत होते. तरीही गेल्या मार्गशीर्षात मी निघालो. भूमध्य समुद्र लांबचा. मी आपला कोकण किनारा निवडला.

दोन्ही किनाऱ्यांचे नाते जुने आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती सापडली. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात तिची नोंद आहे. कुंडलहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे ते ठिकाण. समुद्रापासून दूर, पंचगंगेच्या काठी ही देवता आली ती व्यापाराच्या वाटेने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत ‘सेमुल्ला’ असे ज्या बंदराचे नाव येते, ते आपले चौल, असे अभ्यासक मानतात. मोसमी वाऱ्यावर भिस्त ठेवून भूमध्य समुद्राकडचा माल येथे उतरे आणि घाट चढून देशावर येई.

माझी वाट उलटी, म्हणजे देशावरून घाट उतरून समुद्राकडे. कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर. तेथून उत्तरेकडे किनाऱ्याने दापोली तालुका, श्रीवर्धन, मुरुड आणि रेवदंडा. प्रवास एस.टी.चा. ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना अर्धे भाडे व ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास ही सवलत अनेकांना ठाऊक असते, पण वापरण्याचा संकोच वाटतो. तो नसावा. एकूण मुक्काम सहा रात्रींचा. खर्च रोजच्या रोज वहीत मांडला. तो १२,००० रुपयांच्या आत राहिला.

या वाटेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे खाड्या. वाशिष्ठीच्या मुखाशी धोपावे ते दाभोळ, सावित्रीच्या मुखाशी वेश्वी ते बागमांडला आणि पुढे राजपुरीच्या खाडीत दिघी ते आगरदांडा, अशा तीन ठिकाणी फेरीबोटीने पलीकडे जावे लागते. माणसे, मोटारी, दुचाकी आणि भाजीच्या पाट्या एकाच तराफ्यावर. गाडीने वळसा घातला तर कित्येक तास मोडतील, ते अंतर काही मिनिटांत सरते. समूहाबरोबर असताना आपण आपसांतच बोलत राहतो. एकट्याला मात्र शेजारच्याला विचारावेच लागते, ‘पलीकडे गाडी मिळेल ना?’ आणि उत्तर देणारा बहुधा स्वतःच आपल्याला गाडीपर्यंत पोहोचवतो.

आहाराची चिंता आपल्या वाचकांना सर्वांत अधिक असते, म्हणून ते सविस्तर सांगतो. गुहागर, आंजर्ले, श्रीवर्धन या भागांत शाकाहारी घरगुती खाणावळी आहेत. आदल्या दिवशी दूरध्वनी करून ‘कांदा, लसूण आणि जमिनीखालचे काही नको, जेवण सूर्यास्तापूर्वी हवे’ एवढे स्पष्ट सांगितले की पुरे. तांदळाची भाकरी, मुगाची आमटी, केळफुलाची किंवा लाल भोपळ्याची भाजी, ताक. सोलकढीत लसूण घालतात का, तेवढे विचारावे. बरोबर खाकरे, थेपले आणि उकळलेल्या पाण्याचा थर्मास होताच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे दुपारनंतरचा प्रवास मी ठेवलाच नाही. पाचला जेवून वाळूवर जाऊन बसावे आणि सूर्यबिंब पाण्यात उतरेपर्यंत उठू नये. आपल्या नेमाने प्रवास अडतो असे आपण म्हणतो. मला तर त्या नेमानेच दिवसाला शिस्त दिली.

नेमाचा विषय निघाला म्हणून याच किनाऱ्यावर उतरलेल्या एका व्यापाऱ्याची आठवण सांगितली पाहिजे. अफानासी निकितीन हा रशियातील त्वेर गावचा व्यापारी. वोल्गेच्या प्रवासात लुटारूंनी त्याचा माल नेला आणि त्याची धर्मपुस्तकेही गेली. इराण आणि होर्मुझमार्गे विकण्यासाठी एक घोडा घेऊन तो सुमारे १४६९ मध्ये चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदलण्याचा दबाव आणला. खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने मध्यस्थी केली, तेव्हा घोडा परत मिळाला आणि धर्मही राहिला. बीदर पाहून काही वर्षांनी दाभोळहून तो परत निघाला, परंतु घरी पोहोचण्यापूर्वीच वाटेत वारला. त्याच्या टिपणांत व्यापाराचे भाव आहेत, चालीरीतींचे वर्णन आहे आणि एक खंतही आहे. पुस्तके गेल्यामुळे आपले सण कधी आणि उपवास कधी हेच कळेनासे झाले, असे तो लिहितो. तरी स्वतःच्या अंदाजाने उपवास त्याने सोडले नाहीत. आपल्यासारख्यांना त्याची ती तळमळ परकी वाटणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बँकेच्या सेवेत असताना एक दृश्य मी वारंवार पाहिले. घरातील कर्ता पुरुष गेल्यानंतर त्याची पत्नी प्रथमच काउंटरपाशी येई. खाते तिच्या नावाचे, सही तिची. पण स्लिप आजवर दुसऱ्या कोणी भरलेली. ठेव कोठे, पावती कोणत्या कपाटात, यांपैकी काहीच तिला ठाऊक नसे. बुद्धीत ती कोठेही कमी नव्हती. सराव करण्याची वेळ तिच्यावर कोणी येऊच दिली नव्हती. पुरुषांचेही वेगळे नाही. दुकान उत्तम सांभाळणारे गृहस्थ पत्नीमागे स्वतःची औषधे शोधू शकत नाहीत. माझी पत्नी गेल्यावर पहिले काही महिने चहाच्या साखरेचा डबा कोणता, हे मीही सुनेला विचारत असे.

एकटेपण कधीतरी प्रत्येकाच्या वाट्याला येते, आणि ते येताना विचारून येत नाही. तत्पूर्वी चार दिवस आपल्या इच्छेने एकटे राहून पाहिले, स्वतः तिकीट काढले, स्वतःचे जेवण ठरवले, तर पुढचे ओझे हलके होते. किनारा त्याला सोयीचा आहे. समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चालत राहिले की दिशा चुकत नाही, आणि दर काही कोसांवर वस्ती भेटतेच.

परतल्यावर आमच्या वहिनींनी विचारले, ‘भाऊजी, मला जमेल का हो?’ मोठे बंधू जाऊन त्यांना चार वर्षे झाली आहेत. वय ६८. कुंडलबाहेर त्या आजवर कोणाच्या तरी सोबतीनेच गेल्या. मी त्यांना कागदावर लिहून दिले ते असे. पहिला प्रवास दोनच रात्रींचा असावा. पहिली रात्र चिपळूणच्या नातलगांकडे, दुसरी गुहागरच्या घरगुती निवासात. आरक्षण त्यांनी स्वतः फोन करून करावे. रोज सकाळी व सायंकाळी ठरलेल्या वेळी घरी फोन; मध्ये घरच्यांनी फोन करू नये. पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवावेत. औषधांची यादी व रक्तगट पर्समध्ये असावा. भाड्याची काळजी नाही, कारण १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे.

वहिनी माघात निघणार आहेत. घरात अजून कुरबुर चालू आहे. पुतण्याला मी एवढेच सांगितले आहे की स्टँडपर्यंत पोहोचवायला जा, पण तिकीट त्यांना काढू दे.